आजारपणाचा विमा आणि कष्टकरी बायका

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी एकदा सहज विचारले, "मावशी, तुमचा विमा आहे का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "माझा कशाला, सर? ह्यांचा काढलाय की." मग पोळी उलटता उलटता त्यांनीच मला विचारले, "पण दोन दिवस तापानं खाडा झाला, तर देतात का हो काही त्यात?"

वाचकहो, प्रश्न साधा वाटतो, पण आजारपणाच्या विम्याचे सारे मर्म त्यात आहे. आजारी माणसाला दुहेरी खोट बसते. औषधपाण्याला पैसा जातो, आणि हातावर पोट असेल तर त्याच दिवसांची मजुरीही बुडते. गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना आली. तीत उपचार तर आहेतच, शिवाय आजारपणाच्या दिवसांची सुमारे सत्तर टक्के मजुरीही मिळते. बाळंतपणाच्या भरपाईचा कायदा तर मुंबई इलाख्यात १९२९ सालीच झाला होता. पण हे सारे कोणाला? ज्याचा मालक ठाऊक आहे, ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याला. विड्या वळणारी, भाजी विकणारी, चिंध्या वेचणारी बाई कोणत्या हजेरीपटावर असणार?

या बायकांनी आपली वाट आपण काढली, ती अहमदाबादेत. इला भट यांनी १९७२ साली 'सेवा' ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभी केली. १९७४ साली सुमारे चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची बँक काढली. कर्जे दिली गेली, काहींची थकली. का थकली याचा शोध घेता आजारपण पुढे आले. काही कर्जदार बायका तर मरण पावल्या होत्या, त्यातल्या कित्येक बाळंतपणात. म्हणजे बँकेचा हिशेब सुधारायचा तर आधी सुईणीकडे आणि दवाखान्याकडे पाहायला हवे होते!

विमा कंपन्या गरीब बायकांचा विमा उतरवायला सहजी तयार नव्हत्या. अखेर १९९२ साली राष्ट्रीयीकृत कंपन्यांच्या साह्याने 'विमोसेवा' सुरू झाली. तिच्यातली एक युक्ती मला फार आवडते. वर्षाचा हप्ता दरसाल भरणे जिला जमत नसे, तिने सेवा बँकेत एकदाच मुदतीची ठेव ठेवायची. त्या ठेवीच्या व्याजातून हप्ता परस्पर भरला जाई. ठेव तिची तिच्याच नावावर. पुढे २००९ साली याच कामाची सहकारी संस्था झाली. मात्र स्वतः विमा कंपनी व्हायला कायद्याने शंभर कोटींचे भांडवल लागे. ते कोठून आणणार? तेव्हा विमा घ्यायचा तो कंपन्यांकडूनच.

अडचणी पुढेच होत्या. रुग्णालयात निदान चोवीस तास राहिल्याखेरीज बहुधा भरपाई नाही. पावती हवी, दाखला हवा. (खेडेगावच्या डॉक्टराकडे पावती मागून पाहा, तो आधी चष्म्यावरून तुमच्याकडे पाहतो.) म्हणून संघटनेच्या बायकाच घरोघर जाऊन कागद जमवून देऊ लागल्या.

कागद जमता जमता एक नकोशी गोष्टही दिसली. भरपाईच्या अर्जांत गर्भाशय काढून टाकल्याचे अर्ज फार होते, आणि त्या बायका बऱ्याचशा चाळिशीच्या आतल्या! अंगावरून जाणे, पोटात दुखणे यावर साध्या औषधाचा खर्च विमा देत नाही, शस्त्रक्रियेचा देतो. मग सल्ला कोणता मिळणार, हे निराळे सांगायला नको. विमा आला म्हणजे आरोग्य आलेच, असे नाही.

आपल्या बीड जिल्ह्यात पैशाची वाट निराळी, पण दुखणे तेच. तिथे २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या चौकशीत सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवराबायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला की दंड. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही म्हणून कायमची शस्त्रक्रिया, असा तो हिशेब!

आज राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, केंद्राची २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना आहे. मोठ्या दुखण्यात त्यांचा आधार खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर; बुडालेली मजुरी त्यांत नाही. म्हणून महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांबरोबर उभ्या राहिलेल्या ऊसतोड बायकांच्या मागण्या नुसत्या विम्याच्या कार्डाशी थांबत नाहीत. अर्ध्या कोयत्याची नव्हे, स्वतंत्र कामगार म्हणून आपली नोंद हवी. फडाजवळ पाणी आणि संडास हवा. आणि शस्त्रक्रियेची पाळी येण्याआधी तपासायला कोणी डॉक्टरीणबाई हवी.

मावशींच्या प्रश्नाला मी त्या दिवशी "नाही" असेच उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "मग ह्यांच्याच नावावर राहू द्या," आणि पुढची पोळी लाटायला घेतली.