पिशवी सोलापूरची, माल कॅरिबियनचा!

परदेशी सहलीला गेलेली माणसं हल्ली राजवाडे नि चर्च भराभर उरकतात आणि तिथल्या सुपरमार्केटात तासभर रमतात. इथले लोक खातात काय, न्याहारीला काय घेतात, कशावर किती खर्च करतात, हे सगळं तिथल्या फडताळांवर मांडलेलं असतं. सोलापूरला आलेला पाहुणा मात्र सिद्धेश्वराचं दर्शन घेतो, अक्कलकोट-पंढरपूर करतो, चादर काखेत मारतो आणि परतीची गाडी पकडतो. मंडईत शिरतच नाही! म्हणून म्हटलं, एक कापडी पिशवी घ्या नि चला आमच्याबरोबर लक्ष्मी मंडईत. कॅरिबियनचं तिकीट काढलेलं असेल तर तेही जवळ ठेवा. उपयोगी पडेल.

‘बटाटा’ म्हणजे रताळं!

मंडईत शिरल्याबरोबर कानावर आरोळी येते, ‘बटाटाऽऽ बटाटा!’ ही आरोळी खरं तर कॅरिबियन आहे. तिथल्या बेटांवरचे मूळ रहिवासी ताइनो लोक. त्यांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळं. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, पोर्तुगिजांनी तो जहाजात घालून आपल्या किनाऱ्यावर उतरवला आणि आपण तो भलत्याच कंदाला चिकटवून टाकला. बटाट्याचं पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं. म्हणजे माल एकीकडचा नि नाव दुसरीकडचं. शेजारच्या टोपलीतली पपईसुद्धा आपलं नाव त्याच बेटांच्या बाजूनं घेऊन आली आहे.

मिरी शोधायला गेले, मिरची सापडली

कोलंबस निघाला होता हिंदुस्थानच्या मसाल्यासाठी. पोचला कॅरिबियन बेटांवर. तिथं मिरी नव्हती, पण एक झणझणीत फळ होतं. पहिल्याच सफरीत, १४९३च्या जानेवारीत, त्यानं रोजनिशीत त्याची नोंद केली. पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून हे फळ आपल्याकडे आलं आणि आपण मिरीच्याच नावावरून त्याचं बारसं केलं, मिरची! त्याआधी आपल्या स्वयंपाकघरात तिखटपणाचा मक्ता मिरी, पिंपळी आणि सुंठीकडे होता. सोलापूरकरांच्या पूर्वजांनी तिखटाशिवाय दिवस कसे काढले असतील, ही कल्पनाच करवत नाही.

फूल वर, शेंग खाली

सोलापुरात ‘शेंगा’ म्हटलं की शेवग्याच्या आठवत नाहीत, भुईमुगाच्याच आठवतात. भुईमूगही परदेशी पाहुणा, दक्षिण अमेरिकेतला. त्याची तऱ्हा न्यारी. पिवळं फूल जमिनीच्या वर येतं. फळधारणा झाली की देठासारखी एक आरी खाली वाकते, मातीत घुसते आणि शेंग अंधारात भरते. म्हणून शेतकरी विचारतो, ‘आऱ्या सुटल्या का?’ त्यानंतर माती टणक झाली तर आरी आत जात नाही नि पीक बुडतं. आणि हो, सुक्यामेव्याशी शेंगदाण्याचं नातं फक्त दुकानातलं. कुळ बघाल तर तो तूर-हरभऱ्याचा भाऊबंद.

चटणीची परीक्षा

आता शेंगा चटणी. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, ‘कुटलेली आहे की मिक्सरची?’ या प्रश्नावर तो तुम्हाला जाणकारांत धरतो.

भाजून साल काढलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ, एवढाच ऐवज. खरी करामत कुटण्याची. मिक्सरचं पातं दाणा चिरतं, उखळातलं मुसळ तो चेचतं. चेचल्यावर दाण्यातलं तेल बाहेर येतं आणि तिखट-लसूण त्या तेलात मुरतात. कुटलेली चटणी चिमटीत दाबून बघा, तिचा गोळा होतो आणि बोटं लालसर तेलकट होतात. मिक्सरची भुरभुरीत चटणी बोटांतून रांगोळीसारखी सुटते. वरून तेल ओतलेलं दिसलं तर पुढच्या दुकानात जा. घरी गेल्यावर मात्र दह्यात कालवा, नाहीतर भाकरीवर पसरा, तुमची मर्जी. फक्त लक्षात ठेवा, या चटणीतले दाणे आणि तिखट हे दोन्ही मुख्य मानकरी अटलांटिकपलीकडचे. आपला अस्सल सोलापुरी पदार्थ!

पाऊस संपल्यावर पेरायची भाकरी

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. तिथली रब्बी ज्वारी पाऊस सरता सरता पेरतात आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती थंडीभर वाढते. २०१६मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात ‘मालदांडी’ मागा. त्यातलं गाजलेलं ‘३५-१’ हे वाण आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळचं, १९३०च्या दशकात निवडलेलं. तेव्हापासून किती नवी वाणं आली नि गेली, पण ऐंशी वर्षं उलटली तरी भाकरीसाठी लोक हिचंच नाव घेतात.

मंगळवेढ्याचे संत दामाजीपंत दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार रयतेला खुलं करून बसले आणि त्याचे पैसे विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन भरले, अशी कथा आहे. उधारीवर धान्य देणारे पुष्कळ असतील. बिल चुकतं करायला देव पाठवणारं गाव एकच!

मोडली तरी टिकते

कडक भाकरी ही आमच्याकडची बिस्किटं. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर पार वाळवायची. आत पाण्याचा अंश उरत नाही म्हणून बुरशीला जागा नाही. ती फार दिवस राहते ती केवळ त्याच कोरडेपणाच्या जोरावर, दुसरं काही घालावं लागत नाही. बॅगेत मात्र चादरीच्या घडीत ठेवा. मोडलीच तर हळहळू नका. चुरा ताकात नाहीतर आमटीत घाला, लागलीच काम झालं.

ताण दिला की फळ

डाळिंबाचं झाड मोकळं सोडलं तर वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं. मग शेतकरी पाणी तोडून त्याला ‘ताण’ देतो. पानं गळतात, पाणी सोडलं की झाड एकदम बहरतं. आंबे बहार, मृग बहार की हस्त बहार, म्हणजे कुठल्या हंगामात फुलायचं, हे शेतकरी ठरवतो, झाड नव्हे. सांगोल्याकडची भगवी डाळिंबं बाजारात दिसली की घ्या. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६चंच जीआय आहे आणि देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५पासून सोलापूरजवळ केगावला आहे.

कांद्याचा डोंगर

हिवाळ्यात श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत या. लाल कांद्याचे शेकडो ट्रक रांगेत उभे असतात. नगर, धाराशिवपासून कर्नाटकातल्या विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचा माल इथं येतो. इथं पिशवी घेऊन येणाऱ्याला कुणी विचारत नाही, इथला हिशेब क्विंटलचा. पण एकदा बघण्यासारखं आहे. डोळ्यांत पाणी आलं तर गर्दीला दोष देऊ नका.

चादरीतला कॉम्प्युटर

आता चादर. उलटून बघा, दोन्ही बाजूंनी नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल. हिरव्यावर पांढरा मोर असेल, तर मागे पांढऱ्यावर हिरवा. ही किमया जॅकार्डची. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि कुठला धागा उचलायचा, कुठला सोडायचा, हे ते भोक ठरवतं. १८०४मध्ये फ्रान्सच्या जोसेफ जॅकार्डनं हे यंत्र आणलं. तीच भोकांची युक्ती चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात वापरली. म्हणजे तुमच्या मोबाइलची आजी मागावर बसलेली होती.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७मध्ये सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात मागांचा आवाज घरोघर नेला. राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या जीआय वस्तूंत सोलापुरी चादर आहे.

समुद्र नाही, टॉवेल आहेत

कॅरिबियनला जाणार असाल तर हे खास तुमच्यासाठी. सोलापूरहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर चारशे किलोमीटर जावं लागतं, पण जगाला टॉवेल विणून द्यायला या गावाचं काही अडलं नाही. टेरी टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन थर असतात. एक ताठ, दुसरा सैल. सैल थराचे छोटे फासे वर उभे राहतात आणि तेच पाणी टिपतात. म्हणून घेताना गुळगुळीतपणा बघू नका, फासे किती दाट आहेत ते बघा.

एकच शब्द, तीन भाषा

इथं भाव विचारायचे चार प्रकार आहेत. मराठीत ‘कितीला?’, कन्नडमध्ये ‘एष्टु?’, तेलुगूत ‘एंता?’ आणि दख्खनीत ‘कित्ते कू?’ सगळे पाठ करायची गरज नाही. भाजीवालीला ‘अक्का’ म्हणा. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत त्याचा अर्थ मोठी बहीण. चार मिरच्या वर पडतील. नाही पडल्या तरी ‘घ्या की ओ, लै चांगली हाय’ एवढं तर ऐकायला मिळेलच.

जत्रेचं सुपरमार्केट

संक्रांतीच्या सुमारास आलात तर मंडई सोडून होम मैदानावर जा. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. भांडी, बांगड्या, खेळणी, पाळणे, सगळं एका छताखाली, आणि छत आकाशाचं! याच दिवसांत घरोघर शेंगापोळी होते. गुळाच्या पोळीत शेंगदाण्याचं कूट. अटलांटिकपलीकडचा पाहुणा इथंही आलाच.

आता ते तिकीट काढा

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर गेलात तर बाजारात जरा कान टवकारा. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजानं कलकत्त्याहून निघालेले सव्वादोनशे हिंदुस्थानी मजूर तिथं उतरले आणि त्यांच्यामागून आणखी हजारो आले. त्यांची भाषा बाजारात मुरली. तिथं पालेभाजीला ‘भाजी’ म्हणतात, वांग्याला ‘बैगन’, कारल्याला ‘करैली’, जिऱ्याला ‘गीरा’. आणि बटाटा भरून तळलेल्या पदार्थाला म्हणतात ‘आलू पाय’.

म्हणजे बघा, ‘बटाटा’ हा शब्द जन्माला आला कॅरिबियनमध्ये, तर तिथल्या त्रिनिदादचे लोक म्हणतात ‘आलू’. आणि लक्ष्मी मंडईतली आमची अक्का तिकडचा शब्द घेऊन रोज सकाळी ओरडते, ‘बटाटाऽऽ बटाटा!’