पित्ताश्मरी आणि अवटू ग्रंथीचे विकार

पित्ताशयात किंवा पित्तवाहिन्यांत तयार होणाऱ्या खड्यांना पित्ताश्मरी म्हणतात. अवटू ग्रंथी ही गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनालाला बिलगून असलेली अंतःस्रावी ग्रंथी असून व्यवहारात ती थायरॉइड या नावाने परिचित आहे. या दोन इंद्रियांचा शरीररचनेच्या दृष्टीने प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि पित्ताश्मरी असलेल्या रुग्णांत अवटू ग्रंथीची क्रिया मंदावल्याचे (अवटुन्यूनता) अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळते. हा संबंध काही अंशी योगायोगाचा व काही अंशी कार्यकारणाचा आहे. तो लक्षात घेतला नाही, तर एका रोगाचा उपचार होऊन दुसरा तसाच राहून जाण्याचा संभव असतो.

सहअस्तित्व : दोन्ही विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत व तरुणांपेक्षा मध्यमवयीनांत अधिक आढळतात. गर्भारपण व स्थूलता ही पित्ताश्मरीची ज्ञात पूरक कारणे होत. अवटुन्यूनतेतही वजन काहीसे वाढते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोवा यांसह भारतातील आठ शहरांच्या पाहणीत सु. ११ टक्के प्रौढांत अवटुन्यूनता आढळली. इतके प्रमाण असलेला विकार कोणत्याही रोगाच्या रुग्णांत काही जणांना असणारच. त्यामुळे दोन्ही एकत्र आढळले एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

योगायोगापलीकडे संबंध आहे, असे दर्शविणारा पुरावा मात्र उपलब्ध आहे. जर्मनीतील पोमेरेनिया भागातील लोकसंख्येच्या पाहणीत (२००५) वय, वजन इ. गोष्टी हिशोबात घेऊनही हा संबंध पुरुषांत स्पष्ट दिसला. स्त्रियांत तो तितका स्पष्ट नव्हता. फिनलंडमधील टांपेरे येथील संशोधकांना मुख्य पित्तवाहिनीत खडे असलेल्या रुग्णांत लक्षणरहित अवटुन्यूनतेचे प्रमाण अधिक आढळले (२००७).

कार्यकारणभाव : यकृतात दररोज सु. ५०० ते १,००० मिलि. पित्त तयार होते. जेवणांच्या मधल्या काळात ते पित्ताशयात साठून संहत (दाट) होते. पित्तातील कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तलवणे व लेसिथीन यांच्या साहाय्याने ते विद्रुत राहते. हा समतोल बिघडला किंवा पित्त एकाच जागी तुंबून राहिले म्हणजे कोलेस्टेरॉलाचे स्फटिक बनतात व त्यांपासून खडे तयार होतात.

अवटू ग्रंथीच्या हॉर्मोनांचा या घटनाक्रमाशी तीन ठिकाणी संबंध येतो : (१) या हॉर्मोनांमुळे यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल उचलून घेते व त्याचे पित्ताम्लांत रूपांतर करते. हॉर्मोने कमी पडली म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि पित्ताचे संघटन बदलण्यास वाव मिळतो. (२) अवटुन्यूनतेत आतड्याप्रमाणेच पित्ताशयाचीही हालचाल मंदावते व पित्त साचून राहते. (३) मुख्य पित्तवाहिनी जेथे ग्रहणीत (लघ्वांत्राच्या आरंभीच्या भागात) उघडते, तेथे तिच्या मुखाभोवती एक वलयाकार परिसंकोची स्नायू असतो. रूज्जेरो ऑडी या इटालियन शास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले. थायरॉक्सिनाच्या क्रियेने हा स्नायू सैल पडतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. थायरॉक्सीन कमी पडल्यास तो आवळलेला राहून पित्ताचा प्रवाह अडतो. अवटुन्यूनतेचा संबंध पित्तवाहिनीतील खड्यांशी अधिक का दिसावा, याचा उलगडा या तिसऱ्या कारणाने होतो.

सर्वच खड्यांना ही मीमांसा लागू पडत नाही. तांबड्या कोशिकांचा दीर्घकाळ अतिरिक्त नाश होत राहिल्यास पित्तरंजकापासून काळे खडे बनतात. विदर्भात तसेच नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत दात्रकोशिका रक्तक्षय हा आनुवंशिक विकार आढळतो. अशा रुग्णाला लहान वयात खडे झाल्यास त्याचे कारण रक्तात शोधावे लागते, अवटू ग्रंथीत नव्हे.

अवटू ग्रंथीची अतिक्रियता : ग्रंथीची क्रिया वाढलेल्या रुग्णांतही यकृत व पित्त यांसंबंधीच्या तक्रारी उद्‌भवतात. या रोगावरील कार्बिमाझोल या औषधामुळे क्वचित पित्तप्रवाह मंदावून कावीळ होते. अशा रुग्णाच्या पित्ताशयात खडे असतील, तर काविळीचा दोष खड्यांकडे जाण्याचा संभव असतो. म्हणून घेत असलेली सर्व औषधे रुग्णाने वैद्याला सांगणे आवश्यक आहे.

निदान : पित्ताश्मरी बहुधा श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने (सोनोग्राफीने) ओळखली जाते. अनेकांच्या बाबतीत ती दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत आढळते व आयुष्यभर त्रास देत नाही. त्रास झाल्यास जेवणानंतर, विशेषतः स्निग्ध पदार्थ खाल्ल्यानंतर, वरच्या पोटात उजवीकडे किंवा मध्यभागी तीव्र कळ येते. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, त्वचेचा कोरडेपणा, आवाज घोगरा होणे, मासिक पाळीतील बिघाड ही लक्षणे पित्ताश्मरीची नव्हेत. ती आढळल्यास अवटू ग्रंथीची परीक्षा करावी. खड्यांबरोबर रक्तातील कोलेस्टेरॉल फार वाढलेले असल्यासही ही परीक्षा प्रथम करावी. कारण मूळ अवटुन्यूनता न ओळखता कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी क्लोफायब्रेट वर्गातील औषध दिल्यास खडे होण्याची प्रवृत्ती वाढू शकते.

या परीक्षेत पोष ग्रंथीतून स्रवणाऱ्या अवटू-उद्दीपक हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण मोजतात. प्रयोगशाळेच्या अहवालात त्याचा उल्लेख टीएसएच असा असतो. अवटू ग्रंथी मंदावली म्हणजे हे प्रमाण वाढते. मात्र पित्ताशयशोथासारख्या तीव्र आजारात ते तात्पुरते बदलते. त्यामुळे आजाराच्या काळातील किरकोळ फरकावरून कायमचा उपचार सुरू न करता सु. सहा आठवड्यांनी परीक्षा पुन्हा करणे इष्ट असते.

उपचार : अवटुन्यूनतेवर थायरॉक्सिनाची गोळी रोज देतात. एडवर्ड केंडल यांनी हे हॉर्मोन १९१४ मध्ये अलग केले व चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची संरचना निश्चित केली. या उपचाराने थकवा, बद्धकोष्ठ व वाढलेले कोलेस्टेरॉल यांत सुधारणा होते. परंतु तयार झालेले खडे विरघळतील, असा भरवसा धरता येत नाही. वारंवार कळ येणे, ताप किंवा कावीळ ही लक्षणे असताना केवळ गोळीवर विसंबून शस्त्रक्रिया लांबविल्यास पित्ताशयशोथ, पित्तवाहिनीतील अडथळा व अग्निपिंडशोथ (स्वादुपिंडाचा दाह) असे उपद्रव संभवतात. उलटपक्षी, केवळ अवटुन्यूनता आहे म्हणून त्रास न देणारे खडे काढून टाकण्याचेही कारण नाही.

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिन येथे १८८२ मध्ये केली. पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने ती करण्याची पद्धत भारतात प्रथम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी वापरली. आज हीच पद्धत रूढ आहे. मुंबईतच परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये स्थापन केलेल्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात अवटू ग्रंथीच्या विकारांचे निदान व किरणोत्सर्गी आयोडिनाने उपचार यांचे कार्य दीर्घकाळ चालत आले आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी अवटुन्यूनता ओळखणे महत्त्वाचे असते. तीव्र व उपचार न झालेल्या रुग्णात शुद्धिहारक व वेदनाशामक औषधांचा परिणाम लांबतो, श्वसन व हृदयाची गती मंदावते, शरीराचे तापमान उतरते आणि क्वचित प्राणघातक बेशुद्धी येते. म्हणून तातडीची नसलेली शस्त्रक्रिया अशा रुग्णात हॉर्मोनाची पातळी सुधारेपर्यंत पुढे ढकलतात. वृद्ध व हृद्रोगी रुग्णांत मात्रा अल्प प्रमाणापासून हळूहळू वाढवावी लागते, त्यामुळे या सुधारणेस काही आठवडे लागतात. सौम्य प्रकारात शस्त्रक्रिया थांबविण्याची सामान्यतः गरज नसते. तातडीच्या प्रसंगी मात्र दोन्ही उपचार एकाच वेळी करावे लागतात.

पित्ताशय काढल्यानंतरही थायरॉक्सीन चालू ठेवावे लागते. कारण अवटुन्यूनतेचे मूळ बहुतेकदा हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या अवटुशोथात असते व त्यावर या शस्त्रक्रियेचा काही परिणाम होत नाही. शस्त्रक्रियेनंतर काहींना पातळ शौचास होते. त्यावर दिले जाणारे कोलेस्टिरामीन हे औषध आतड्यात थायरॉक्सिनालाही बांधून ठेवते; त्यामुळे या दोन औषधांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. थायरॉक्सीन सकाळी उपाशीपोटी घेणे उत्तम.

पित्ताश्मरीच्या प्रत्येक रुग्णात अवटू ग्रंथीची परीक्षा आवश्यक आहेच, असे म्हणता येत नाही. परंतु मध्यमवयीन स्त्रिया, पित्तवाहिनीत खडे असलेले वा शस्त्रक्रियेनंतर तेथे पुन्हा खडे झालेले रुग्ण, कोलेस्टेरॉल वाढलेले रुग्ण आणि कुटुंबात अवटू ग्रंथीचा विकार असलेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत रक्ताची ही एक साधी तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी करून घेणे हिताचे ठरते.