फोटॉन-प्रोटॉन आघात : काटछेद आणि ऊर्जा

फोटॉन क्षणमात्र क्वार्क-प्रतिक्वार्क युग्मात रूपांतरित होतो आणि प्रोटॉनशी हॅड्रॉनप्रमाणे आंतरक्रिया करतो. या आघाताची संभाव्यता काटछेदाने व्यक्त होते. वस्तुमानकेंद्र ऊर्जा १.२ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असता डेल्टा संस्पंदनामुळे काटछेद ५०० मायक्रोबार्नांपलीकडे जातो. पुढे तो सुमारे ११५ पर्यंत उतरतो व पुन्हा संथपणे वाढू लागतो. हॅम्बुर्गच्या हेरा त्वरकावर (१९९२-२००७) झ्यूस गटास २०९ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टला तो १७४ (±१३) आढळला.

ही वाढ मुख्यत्वे अल्पसंवेगी ग्लुऑनांच्या वाढत्या संख्येमुळे होते. मात्र केवळ त्यांची गणती केल्यास वाढ अवास्तव तीव्र येते. खरा पेच इथेच आहे. पवईच्या आयआयटीच्या विद्यार्थिनी व पुढे मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) यांनी पांचेरी आदी सहकाऱ्यांसह त्यावर उत्तर सुचविले : आघातापूर्वी उत्सर्जित होणारे मृदू ग्लुऑन घटककणांना सरळ मार्गावरून किंचित ढळवितात, त्यामुळे वाढीस आळा बसतो. ‘लीलावतीज डॉटर्स’च्या सहसंपादिका म्हणून त्या आपणांस अधिक परिचित आहेत, हे कार्य मात्र त्या मानाने दुर्लक्षितच राहिले. वैश्विक किरणांच्या ऊर्जेस विविध प्रतिमानांची भाकिते एकमेकांपासून दूर जातात, आणि वातावरणातील कणवर्षाव फोटॉनजन्य की प्रोटॉनजन्य, हा निर्णय काही अंशी त्यांवरच अवलंबून असतो.