कादंबरीतून शब्द किती शिकता येतात?

अँथनी बर्जेस या ब्रिटिश लेखकाची ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा वाचक पहिल्याच पानावर अडखळले. मारामाऱ्या करत फिरणाऱ्या ॲलेक्स या पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी लेखकाने स्वतः घडवलेली बोली घातली होती. मित्राला ‘द्रूग’, दुधाला ‘मोलोको’, मुलीला ‘देवोच्का’, पाहण्याला ‘विद्दी’ आणि चांगल्याला चक्क ‘हॉररशो’! बहुतेक शब्द रशियन भाषेतून उचललेले आणि इंग्रजी कानाला सोसतील असे वाकवलेले. पुस्तकात तळटीपा नाहीत, शेवटी शब्दार्थ नाहीत. तरीही थोडी पाने चिकाटीने वाचणाऱ्याला ही बोली हळूहळू समजू लागते आणि नंतर तर ती परकी आहे हेही लक्षात राहत नाही.

बर्जेस यांना नेमके हेच हवे होते. माणसाच्या मेंदूला सक्तीने वळण लावण्याचा प्रयत्न हा कादंबरीचा विषय. तेव्हा वाचकालाही त्याच्या नकळत थोडी रशियन शिकवून टाकावी, असा त्यांचा खोडसाळ बेत होता. शब्दार्थांची यादी जोडायला त्यांचा विरोध होता तो यासाठीच. अमेरिकेतल्या एका स्वस्त आवृत्तीत ती जोडली गेलीच. प्रकाशकांना वाचकाच्या चिकाटीवर फारसा भरवसा नसतो.

भाषेच्या अभ्यासकांना मात्र या पुस्तकात आयती प्रयोगशाळा मिळाली. एरवी एखादा शब्द वाचकाला कादंबरीतून मिळाला, की तो आधीपासूनच ठाऊक होता, हे सांगणे अवघड असते. येथे तो प्रश्नच नव्हता, कारण हे शब्द इंग्रजी वाचकाच्या रोजच्या कानावर पडणारे नव्हतेच. पॉल नेशन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना ही कादंबरी वाचायला दिली. पुढे आशय आणि साहित्यगुणांवर प्रश्न विचारू, एवढेच त्यांना सांगितले होते. वाचून झाल्यावर काही दिवसांतच त्यांच्यासमोर अनपेक्षितपणे ९० शब्दांची बहुपर्यायी चाचणी ठेवली गेली. सरासरी ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. सर्वांत कमी गुण मिळवणाराही ५० टक्क्यांवर होता आणि एकाने तर ९६ टक्के मिळवले. पाठांतर नाही, वही नाही, शब्दकोश नाही, आणि इतके शब्द डोक्यात!

हा निष्कर्ष साहजिकच लोकप्रिय झाला. ‘वाचत जा, शब्द आपोआप येतील’ हा सल्ला शाळेत, घरात, स्पर्धा परीक्षांच्या वर्गात सगळीकडे ऐकू येतो. मराठी माध्यमातून इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात गेलेल्या मुलाला कुणीतरी डिकन्स किंवा जेन ऑस्टिन हाती देतो. तो शब्दकोश जवळ घेऊन बसतो, दहा पानांना दोन संध्याकाळी लागतात, बाराव्या पानावर खूण राहते ती कायमची. त्यातून तो जो धडा घेतो तो पुस्तकाबद्दलचा नसतो. ‘आपल्याला भाषाच जमत नाही’ असा असतो. ही समजूत बहुधा चुकीची असते. चूक गणितात असते, आणि ते गणित पुढच्या चाळीस वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे.

बर्जेसच्या वाचकांना दोन मोठ्या सवलती होत्या. उरलेले सारे इंग्रजी त्यांचे स्वतःचे होते, त्यामुळे अनोळखी शब्दाच्या दोन्ही बाजूंना पक्की जमीन होती. आणि कादंबरीतले हे २४१ शब्द सरासरी १५ वेळा समोर येत होते. सामान्य कादंबरीत अवघड शब्द असा लळा लावत नाही. तो एकदा येतो, कधी दोनदा, आणि निघून जातो.

या सवलती काढून घेतल्या तर काय होते, हे नंतरच्या प्रयोगांनी दाखवले. ओमानमधील ३४ विद्यार्थ्यांसमोर थॉमस हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ची सोपी केलेली आवृत्ती वर्गात मोठ्याने वाचली गेली, विद्यार्थी पुस्तकात बोट ठेवून सोबत वाचत होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे २१ हजार शब्दांचा मजकूर ऐकून-वाचून झाल्यावर प्रत्येकाच्या पदरात सरासरी पाच नवे शब्द पडले. म्हणजे चाचणीतल्या जे येत नव्हते त्या शब्दांपैकी साधारण पाचातला एक. ज्यांचा शब्दसाठा आधीच मोठा होता त्यांची कमाईही अधिक. शब्दांच्या बाबतीतही पैशाकडे पैसा जातो.

जपानमधला २००३ सालचा प्रयोग याहून बोचरा आहे. तेथे फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’ची नवशिक्यांसाठीची आवृत्ती घेऊन त्यातल्या २५ शब्दांच्या जागी बनावट शब्द घातले होते. वाचून झाल्याबरोबर, पर्याय समोर असताना वाचकांनी सरासरी दहाहून अधिक शब्दांचे अर्थ ओळखले. पर्याय न देता अर्थ सांगा म्हटल्यावर संख्या पाचाच्या आत आली. तीन महिन्यांनी पुन्हा विचारले तेव्हा २५ पैकी जेमतेम एक शब्द उरला होता. अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या १९९९ सालच्या एका अभ्यासाचा हिशेबही याच वळणाचा आहे: सहज वाचताना भेटणाऱ्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ शिकले जातात, तेही कमीअधिक पक्के.

इतकी गळती का व्हावी? एक कारण म्हणजे संदर्भ नेहमीच मदत करत नाही. ‘रावसाहेबांनी कंदील विझवला आणि ते विमनस्कपणे ओसरीवर बसून राहिले’ हे वाक्य घ्या. ‘विमनस्क’ म्हणजे थकलेले, शांत, रागावलेले, की झोपाळलेले? काहीही बसते. आता दुसरे: ‘मुलगा न सांगता निघून गेल्यापासून आई विमनस्क असे, भाजीत मीठ दोनदा पडायचे, हाक मारली तरी ऐकू जायची नाही.’ येथे अर्थ जवळजवळ हातात येतो. कादंबरीकार शब्द शिकवायला लिहीत नसल्यामुळे पहिल्या प्रकारची वाक्ये पुस्तकात भरपूर असतात. काही वाक्ये तर उलट दिशेने नेतात, आणि वाचक चुकीचा अर्थ मनाशी धरून पुढे जातो. वाचनातला वेग आणि रस टिकतो तो बरेचदा अशा चुकांमुळेच. गोष्ट कळते, शब्द निसटतो.

दुसरे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. नवा शब्द भेटला की त्याची पहिली नोंद मेंदूच्या आतल्या भागातील हिप्पोकॅम्पसच्या आधाराने चटकन होते, पण तो कायमच्या शब्दभांडारात जुन्या शब्दांच्या शेजारी जाऊन बसायला वेळ लागतो आणि बहुधा झोपही लागते. निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल या संशोधकांचा २००७ सालचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी ‘कॅथीड्रल’सारख्या ओळखीच्या शब्दाला अगदी जवळचा ‘कॅथीड्रूक’सारखा बनावट शब्द लोकांना शिकवला. नवा शब्द खरोखर भांडारात शिरला असेल, तर जुना ऐकताच त्याच्या वाटेत तो आडवा येईल आणि जुना ओळखायला किंचित उशीर होईल, असा तर्क होता. ज्यांना संध्याकाळी शब्द शिकवले त्यांच्यात रात्रीच्या झोपेनंतर, बारा तासांनी हा अडथळा दिसला. सकाळी शिकवलेल्यांमध्ये तितकेच तास जागेपणी गेल्यावर तो दिसला नाही; त्यांच्यात तो दिसायला मधे एक रात्र जावी लागली. म्हणजे एका बैठकीत पन्नास पाने संपवणारा आणि तीच पन्नास पाने पाच दिवसांत वाचणारा, दोघांनी शब्द सारखेच पाहिले तरी पाच दिवसवाल्याच्या मेंदूला ते बसवायला चार रात्री जास्त मिळतात.

पुरेशा भेटी झाल्या की चित्र बदलते, हेही खरे. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या १९५८ सालच्या कादंबरीत इंग्रजी मजकुरात नायजेरियातल्या इग्बो भाषेचे शब्द विखुरलेले आहेत. कुटुंबप्रमुखाची झोपडी ती ‘ओबी’, मुखवटे घालून गावासमोर येणारे पूर्वजांचे आत्मे ते ‘एग्वुग्वू’. इंग्रजी उत्तम येणाऱ्या स्पॅनिश भाषिकांनी ती वाचल्यावर, दहाहून अधिक वेळा आलेल्या शब्दांपैकी ८४ टक्के शब्दांचा अर्थ त्यांना पर्यायांतून ओळखता आला, असे २०१० सालच्या अभ्यासात दिसले. स्वतःहून अर्थ आठवून सांगता आला तो ५५ टक्क्यांचा. ओळख आणि आठवण यांतले हे अंतर कादंबरी वाचणाऱ्याने गृहीत धरलेले बरे. वाचताना समजणारा शब्द बोलताना जिभेवर येत नाही, ही तक्रार म्हणजे स्मरणशक्तीचा दोष नव्हे. शब्द अर्ध्या वाटेवर आहे इतकेच.

मग पुस्तक निवडायचे कसे? यावर अभ्यासकांत एक उपयोगी अंदाज रूढ आहे. बाहेरच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी. प्रमाण ९५ टक्क्यांवर आले की त्याच पानावर पंधरा होतात आणि अर्थ लावायला लागणारी जमीनच खचू लागते. इंग्रजी कादंबऱ्यांत ९८ टक्क्यांची पातळी गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे यावी लागतात, असे नेशन यांनी २००६ साली मोजले (‘हेल्प’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ मिळून एक कूळ). बाराव्या पानावर थांबलेल्या त्या मुलाजवळ यातले निम्मे असतील, तर डिकन्सने त्याला शिकवावे तरी कसे? त्याने मधले कुठलेही पान उघडून अनोळखी शब्द मोजले असते, तर पाच मिनिटांत हे कळले असते. सोप्या केलेल्या आवृत्त्यांना नाक मुरडणारे लोक हा हिशेब विसरतात.

एवढे सगळे असूनही कादंबरीला चांगला पर्याय नाही, कारण कमी वापरातले शब्द दुसरीकडे भेटतच नाहीत. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत प्रौढांसाठीच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ५३ विरळ शब्द आढळले, लहान मुलांच्या पुस्तकांत ३१, तर पदवीधरांच्या आपसातल्या गप्पांत फक्त १७. बालवाङ्मयात शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांपेक्षा अधिक शब्द असतात, हे जरा लाजवणारेच. मराठीत वेगळे असण्याचे कारण नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला माजघर, पडवी, परसू, खळे हे शब्द घरातल्या बोलण्यातून कसे मिळणार? ते पुस्तकातच भेटतात.

शब्दकोशाबद्दलही टोकाची मते आहेत. दर शब्दाला थांबणे आणि अजिबात न थांबणे, दोन्ही तोट्याचे. १९९६ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना दिसले की, समासात अर्थ दिलेला असला की शब्द अधिक लक्षात राहतो. कोशात पाहिलेलाही चांगला राहतो, फक्त वाचक कोश क्वचितच उघडतात. मधला मार्ग व्यवहाराचा आहे. शब्द पहिल्यांदा आला की पेन्सिलीने हलकी खूण करून पुढे जावे. पुन्हा आला की थांबून अर्थ पाहावा. जो शब्द पुन्हा येतो, त्याच्यावर घालवलेला वेळ फुकट जाण्याची शक्यता कमी. एकाच लेखकाची दोन-तीन पुस्तके ओळीने वाचण्याचा फायदाही हाच. श्री. ना. पेंडसे यांची ‘एल्गार’, ‘हद्दपार’ आणि ‘गारंबीचा बापू’ पाठोपाठ वाचणाऱ्याला कोकणातले तेच तेच शब्द वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतात.

वय झाले, आता काय शब्द शिकायचे, ही सबबही फारशी टिकत नाही. माहिती झटपट हाताळण्याचा वेग तरुणपणीच उतरू लागतो, पण शब्दसंपत्ती साठीच्या घरातही वाढत राहू शकते, असे मोठ्या पाहण्यांतून दिसते. निवृत्तीनंतर हाती घेतलेली जाडजूड कादंबरी रोज वीस पाने या गतीने महिनाभर पुरते, आणि तिचे तसे पुरणेच शब्दांच्या पथ्यावर पडते. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकांना ही सोय न मागता मिळत होती. हार्डीची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ १८८६ साली लंडनच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला प्रकरणाप्रकरणाने आली. त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः येऊ लागली. यमूच्या घरात पुढे काय घडले हे कळायला वाचकाला एका प्रकरणानंतर पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. दोन अंकांच्या मधे सात रात्री असत.