आलेख खरा, पण प्रमाण कोणते?

नकाशा हाती आला की शहाणा प्रवासी प्रथम त्याच्या कोपऱ्यातील प्रमाण पाहतो. शेअरबाजाराचा आलेख पाहताना मात्र ही साधी खबरदारी आपण विसरतो. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरून हा आलेख आता घरोघर आला आहे, आणि त्याकडे केवळ एक नजर टाकून आयुष्याची पुंजी गुंतविणारे वा काढून घेणारे लोक आम्ही पाहतो. म्हणून भाव दाखविण्याचे प्रमाण, एवढ्याच गोष्टीचा येथे विचार करू.

आलेखाची उभी पट्टी दोन प्रकारे आखता येते. साध्या पट्टीवर समान रुपयांना समान उंची मिळते. लॉग पट्टीवर समान टक्क्यांना समान उंची मिळते. शंभराचे दोनशे होणे आणि हजाराचे दोन हजार होणे, दोन्हींत पैसा दुप्पटच झाला. लॉग पट्टी या दोन्ही चढणी सारख्याच दाखविते. साधी पट्टी दुसरीला पहिलीच्या दहापट उंच करते.

याचा परिणाम किती होतो पाहा. २८ एप्रिल १९९२ रोजी मुंबईचा सेन्सेक्स ५७० अंशांनी कोसळला. ४ जून २०२४ रोजी तो सुमारे ४,३९० अंशांनी उतरला. साध्या पट्टीवर दुसरी घसरण कड्यासारखी दिसते, पहिली शोधावी लागते. पण टक्क्यांत पाहिले, तर पहिल्या दिवशी शंभरातील जवळजवळ पावणेतेरा रुपये गेले, दुसऱ्या दिवशी पावणेसहाच्या आतच! मोठा घाव कोणता, हे साध्या पट्टीने नेमके उलटे सांगितले.

दुसरी कळ समायोजनाची. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी रिलायन्सचा समभाग एकास एक बक्षीस समभागामुळे सव्वीसशेच्या वरून तेराशेच्या घरात आला. कोणाचेही अर्धे धन बुडाले नव्हते. शंभर समभागांचे दोनशे झाले होते, इतकेच. समायोजन चालू असेल, तर मागील सर्व भाव त्याच हिशेबाने निम्मे दाखविले जातात आणि रेषा अखंड राहते. ते बंद असेल, तर तेथे खोल दरी दिसते आणि अजाण माणूस घाबरून विकावयास धावतो. मात्र एक ध्यानात ठेवावे: आपण खरेदीच्या दिवशी प्रत्यक्ष किती पैसे मोजले, हे समायोजित आलेख सांगत नाही. त्यासाठी आपली खरेदीची पावतीच पाहावी.

तिसरी गोष्ट आपोआप जुळणाऱ्या पट्टीची. पडद्यावर जेवढे भाव असतील तेवढ्यांनीच ती सारी उंची भरून टाकते. पट्टी शून्यापासून सुरू होतेच असे नाही. त्यामुळे दिवसभरातील एका रुपयाची हालचालही डोंगरदऱ्यांसारखी दिसते. अशा वेळी रेषा बाजूला ठेवून कडेचे आकडे वाचावेत.

मग कोणती पट्टी घ्यावी? चार दिवसांची चढउतार पाहावयाची असेल, तर साधी पट्टी पुरते. पंधरा-वीस वर्षांचा प्रवास पाहावयाचा असेल, तर लॉग पट्टी आणि समायोजित भाव घ्यावेत. उद्याचा भाव मात्र यांपैकी कोणतीच पट्टी सांगत नाही.

आलेख खोटे बोलत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे तो उत्तर देतो. आपण कोणता प्रश्न विचारला आहे, हे विकण्याची वा घेण्याची कळ दाबण्यापूर्वी पाहावे, एवढेच आमचे सांगणे.