मुलांचे उच्च शिक्षण : उत्पन्नाचा दाखला आणि घरची शिल्लक

बारावीचा निकाल लागला की शेतकरी कुटुंबापुढे प्रवेशाचा व पैशाचा प्रश्न एकदमच उभा राहतो. घाईत जनावर विकले जाते किंवा सावकाराकडे जावे लागते. वास्तविक शासकीय साहाय्य उपलब्ध असते, परंतु त्याचे नियम वेळेवर ठाऊक नसतात. आपण बचत केली तर शिष्यवृत्ती नाकारली जाईल, अशीही समजूत काही ठिकाणी आढळते. म्हणून या विषयाचा येथे विचार करू.

उत्पन्नाची मर्यादा

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना, उत्पन्न याच मर्यादेत असल्यास, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ही सवलत मिळत नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची आहे.

डॉ. पंजाबराव देशमुख हे १९५२ ते १९६२ या काळात भारताचे कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाच्या वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांचा विशेष विचार केलेला आहे. त्याकरिता अल्पभूधारक असल्याचा दाखला वेगळा काढावा लागतो.

शेतीचे उत्पन्न कोठे धरतात?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून ते दाखल्यात येत नाही, असे समजू नये. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात शेतीसह सर्व मार्गांचे उत्पन्न येते. याउलट केंद्राच्या नॉन-क्रिमीलेअरसाठीच्या ८ लाखांच्या कसोटीत वेतन व शेती यांचे उत्पन्न मिळवीत नाहीत. एकाच घराच्या दोन कागदांवर दोन आकडे दिसले तरी त्यात विसंगती नाही. दोहोंचे हेतू निराळे आहेत.

केंद्रीय संस्थांतील आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणासाठी उत्पन्नाबरोबर मालमत्ताही पाहतात. कुटुंबाची शेतजमीन ५ एकर वा अधिक असल्यास, उत्पन्न कितीही कमी असले तरी, तो दाखला मिळत नाही.

बचतीने नुकसान होते काय?

होत नाही. वर सांगितलेल्या शिष्यवृत्त्यांत पाहिले जाते ते वर्षाचे उत्पन्न, खात्यातील शिल्लक नव्हे. समजा, २ लाख रुपये शेकडा ७ दराने मुदत ठेवीत आहेत. उत्पन्नात भर पडेल ती १४,००० रुपये व्याजाची, मुद्दलाची नव्हे.

उलट बचत नसली तर अडचण होते. शुल्क माफ झाले तरी भोजन, पुस्तके व प्रवास यांचा खर्च राहतोच. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत देशातील शिक्षणासाठी ४ लाखांवरील कर्जास शेकडा ५ इतका स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाविना कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात शेकडा ३ सवलतीची तरतूद आहे. मात्र इतर शासकीय शिष्यवृत्ती घेणाऱ्यास ही व्याजसवलत नाही. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान २५० रुपयांवर चालू करता येते. पुढे उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

कार्यकर्त्यांस सूचना

गावात बारावीस बसलेल्या मुलामुलींची यादी करावी. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करावयास सांगावे. निकालानंतर तहसील कार्यालयात गर्दी होते. बँक खाते आधारशी जोडलेले आहे काय, हे पाहावे. महाडीबीटीवर अर्ज भरताना नाव सर्व कागदांवर एकसारखे असावे. उत्पन्न खोटे कमी दाखविण्याचा सल्ला कोणासही देऊ नये. पीक विक्रीच्या पावत्या व खर्चाची वही ठेवणाऱ्या शेतकऱ्यास आपले खरे उत्पन्न सांगणे सोपे जाते, आणि पुष्कळ घरांत हे खरे उत्पन्नच मर्यादेच्या आत असते.