पिग्मी म्हणजे केवढा?

बालमित्रांनो, आज तुम्हाला एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द तुमच्या कानांवरून अनेकदा गेलेला असणार. दिवेलागणीच्या सुमाराला बाजारपेठेत एखादे काका किंवा ताई दुकानादुकानांतून फिरताना दिसतात. किराणावाले शेठ, चहाच्या टपरीवाला, भाजीवाल्या मावशी, शिंपीदादा, सगळे आपापल्या गल्ल्यातून पन्नास-शंभर रुपये काढून त्यांच्या हातावर ठेवतात. पूर्वी त्याची नोंद छोट्या पुस्तकात व्हायची, आता हातातल्या यंत्रातून टर्रर्र करून पावती बाहेर येते. "पिग्मीवाले आले का हो?" "येऊन गेले!" हे संभाषण तर रोजचंच.

पण ही 'पिग्मी' म्हणजे आहे तरी काय? आणि तिचा आसामातल्या एका डुकराशी, आफ्रिकेतल्या माणसांशी आणि समुद्रातल्या देवमाशाशी काय संबंध?

आधी बाजारातली पिग्मी. कर्नाटकात उडुपी इथं १९२५ साली एक बँक सुरू झाली. डॉ. टी. एम. ए. पै, उपेंद्र अनंत पै आणि वामन श्रीनिवास कुडवा हे तिचे संस्थापक. पुढे ती सिंडिकेट बँक या नावानं देशभर माहीत झाली, आणि २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. या बँकेनं १९२८ साली एक नवी युक्ती काढली. हातावर पोट असलेली माणसं बँकेत कशाला येतील? तेव्हा बँकेनंच त्यांच्या दारी जायचं, आणि रोज अगदी दोन आणे दिले तरी ते जमा करून घ्यायचे. सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे दोन आणे हा रुपयाचा आठवा भाग. इतकी चिमुकली ठेव, म्हणून तिचं नाव पडलं पिग्मी. ही पद्धत आपल्याकडच्या पतसंस्थांनीही उचलली आणि शब्द मराठीत कायमचा मुक्कामाला आला.

मुठीएवढी माणसं

शब्द मात्र उडुपीचा नाही, इंग्रजांचाही नाही. तो मूळचा ग्रीक. ग्रीक भाषेत 'पिग्मे' म्हणजे मूठ. कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतच्या अंतरालाही ते पिग्मेच म्हणत. आपल्याकडे नाही का, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 'एक हात' धरून दोरी मोजत? तसंच, फक्त बोटं मिटून. हे माप साधारण ३५ सेंटिमीटर भरतं.

तर ग्रीक लोकांच्या कथांत अशी एवढीशी माणसं होती. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात त्यांचा उल्लेख येतो. हिवाळा टाळून समुद्रापार उडत जाणारे क्रौंच पक्षी या चिमुकल्या माणसांवर तुटून पडतात, असं त्यात वर्णन आहे. पक्ष्यांशी लढाई करावी लागणारी माणसं! कथा म्हणून मोठी मजेदार. अशी माणसं कुणी पाहिली नव्हती, पण शब्द तेवढा शिल्लक राहिला. पुढे तो युरोपातल्या भाषांत गेला, आणि आपल्या जातभाईंपेक्षा लहान असणाऱ्या प्राण्यांना शास्त्रज्ञ तो लावू लागले.

पट्टीएवढं डुक्कर

असा एक प्राणी आपल्या देशात आहे, आणि जगात आज तो आसामातच उरला आहे. पिग्मी हॉग, म्हणजे पिग्मी डुक्कर. तुमच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी जमिनीवर उभी धरा. पूर्ण वाढलेल्या पिग्मी डुकराचा खांदा तिच्याही खाली राहील, कारण त्याची उंची असते जेमतेम २५ सेंटिमीटर. वजन सहा ते दहा किलोच्या आत. ग्रीकांच्या 'पिग्मे' मापात खरोखर बसणारा हा प्राणी, बरं का!

"म्हणजे हे डुकराचं पिल्लूच ना?" मुळीच नाही. त्याचीही पिल्लं असतात, आणि ती मोठी झाली की एवढीच होतात. बरं, वाढ खुंटलेलं रानडुक्कर म्हणावं, तर तेही खोटं. २००७ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या आनुवंशिक घटकांची तपासणी केली, तेव्हा कळलं की हा प्राणी रानडुकराच्या कुळापासून पुष्कळ वेगळा आहे. त्याला 'पोर्कुला' ही स्वतंत्र प्रजाती द्यावी लागली. तिच्यात तो एकटाच!

हिमालयाच्या पायथ्याशी पुरुषभर उंचीचं गवत माजतं. त्या दाट गवतातून सुळकन निसटून जायला असं लहान, निमुळतं अंगच हवं. गवत जमवून हे डुक्कर घरटंही बांधतं, तेसुद्धा बारा महिने. पण माणसानं ही गवताळ रानं जाळली, नांगरली, आणि पिग्मी डुक्कर दिसेनासं झालं. ते नामशेष झालं अशीच समजूत होती. १९७१ साली आसामात ते पुन्हा सापडलं! १९९५ साली त्याच्या रक्षणाची मोहीम सुरू झाली. मानसच्या जंगलातून सहा डुकरं आणून गुवाहाटीजवळ त्यांची निगा राखली, त्यांची वीण वाढवली, आणि २००८ पासून ती पुन्हा रानात सोडायला सुरुवात झाली. आणखी एक गंमत ऐका. या डुकराच्या अंगावर एक ऊ राहते. ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्यावर जगत नाही. डुक्कर संपलं तर ऊसुद्धा संपली!

इंग्रजी पुस्तकानं या प्राण्याला मापावरून नाव दिलं. आसामी लोक त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? 'नल गाहोरी'. गाहोरी म्हणजे डुक्कर, आणि नल म्हणजे आपल्या देवनळासारखं उंच गवत. बोरूच्या बनात राहणारं डुक्कर! ज्यांनी ते शेजारी राहून पाहिलं, त्यांनी त्याच्या घरावरून त्याचं नाव ठेवलं.

चोवीस मीटरचा 'पिग्मी'

आता सांगा, पिग्मी म्हणजे केवढा? "एक फुटाच्या आत!" असं म्हणाल तर फसाल.

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात पिग्मी मार्मोसेट हे माकड आहे. झाडाचा डिंक हे त्याचं आवडतं खाणं. वजन? एखाद्या केळ्याएवढं, शंभर-सव्वाशे ग्रॅम. ठीक आहे, याला पिग्मी म्हटलं तर कुणाची तक्रार नाही.

पण पश्चिम आफ्रिकेत पिग्मी पाणघोडा असतो. थायलंडच्या प्राणिसंग्रहालयात जुलै २०२४ मध्ये जन्मलेलं 'मू देंग' नावाचं गुबगुबीत पिल्लू तुम्ही चित्रफितीत पाहिलं असेल, ते याच जातीचं. तर हा पिग्मी पाणघोडा मोठा झाला की भरतो सुमारे दोनशे ते पावणेतीनशे किलो! तुमच्या वर्गातली सहा-सात मुलं तागडीच्या एका पारड्यात बसवली, तर कुठं जमेल. तरी तो पिग्मी, कारण साधा पाणघोडा दीड टन वजनाचा असतो.

आणि हिंदी महासागरात राहणारा पिग्मी निळा देवमासा? त्याची लांबी चोवीस मीटरपर्यंत जाते. दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी हा त्यांच्या पुढे उरेल. पण त्याचे अंटार्क्टिकाकडचे भाऊबंद तीस मीटरपर्यंत वाढतात, म्हणून हा बिचारा पिग्मी!

आलं लक्षात? 'पिग्मी' या शब्दाला स्वतःचं माप नाही. कुणीतरी दोघांना शेजारी उभं केल्याशिवाय तो शब्द वापरताच येत नाही. म्हणून तो ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा, "लहान, पण कुणापेक्षा?"

पिंजऱ्यावरची पाटी

हा प्रश्न विचारला नाही तर काय होतं, ते आता सांगतो. ही गोष्ट मजेची नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले प्रवासी मध्य आफ्रिकेच्या दाट जंगलांत पोहोचले. तिथं त्यांना कमी उंचीचे लोक भेटले. प्रवाशांना आठवल्या ग्रीक कथा, आणि त्यांनी या सगळ्यांना एकच नाव चिकटवून टाकलं, पिग्मी. खरं तर ते एकच लोक नव्हते. कुणी बाका, कुणी अका, कुणी म्बुटी, कुणी त्वा. प्रत्येकाची बोली, रीत, गाणी वेगळी. अका लोक अनेक सुरांत एकाच वेळी असं काही गातात, की युनेस्कोनं त्या गायनाला मानवजातीचा वारसा मानलं आहे.

आणि त्यांची उंची? मोठ्या पुरुषांची साधारण दीड मीटर. ग्रीकांच्या मुठीच्या मापाच्या चौपटीहून जास्त! घरी आजीला दाराच्या चौकटीपाशी उभं करून मोजून पाहा. कदाचित तेवढीच भरेल. आजीला कुणी पिग्मी म्हणतं का?

१९०४ साली काँगोतल्या ओटा बेंगा नावाच्या तरुणाला अमेरिकेत एका जत्रेत दाखवायला नेलं. पुढे सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्याला चक्क माकडांच्या घरात ठेवलं, एका ओरांगउटानच्या सोबत. बाहेर पाटी लावली. तिच्यावर 'आफ्रिकी पिग्मी' असं लिहून त्याचं वय, उंची आणि वजन दिलं होतं. उंची होती चार फूट अकरा इंच. लोक झुंडीनं येऊन त्याच्याकडे बोटं दाखवून हसत.

जेम्स गॉर्डन आणि न्यूयॉर्कमधले इतर कृष्णवर्णीय धर्मगुरू मात्र संतापले. हाही आमच्यासारखाच माणूस आहे, त्याला सोडा, अशी त्यांनी मागणी केली. अखेर ओटा बेंगाची तिथून सुटका झाली. गॉर्डन यांनी त्याला आपल्या अनाथाश्रमात ठेवून घेतलं. पुढे तो शिकला, तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागला, पण मायदेशी परतणं त्याच्या नशिबात नव्हतं. १९१६ साली तो परमुलखातच मरण पावला. ते प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेनं या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० साली, म्हणजे ११४ वर्षांनी!

पाटीवरची उंची बरोबर असेलही. वजनही बरोबर असेल. पण मापं लिहिली म्हणजे माणूस कळला, असं त्यांना वाटलं. पिग्मी म्हटल्यावर तो कुणाचा मुलगा, त्याला कोणती गाणी येतात, हे विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. म्हणून आज त्या जंगलांतल्या अनेकांना हा शब्द अपमानाचा वाटतो. आम्हाला बाका म्हणा, त्वा म्हणा, असं ते सांगतात.

आपल्या घरचे शब्द

आपण तरी कुठं मागे आहोत? मराठीत ठेंगणा, बुटका, खुजा, गिड्डा असे कितीतरी शब्द आहेत. वस्तूंना, झाडांना, जनावरांना ते छान शोभतात. कर्नाटकातल्या मलनाडमधली एक गाय तर 'मलनाड गिड्डा' याच नावानं ओळखली जाते. कानडीतही गिड्डा म्हणजे बुटकाच! गाय काही रुसत नाही.

पण शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पहिला उभा राहणारा मुलगा? त्याला बुटबैंगण, दीडफुट्या, टिंगू म्हणून हाका मारल्या जातात. तो हसतो, म्हणून आपल्याला वाटतं की त्यालाही गंमत वाटते. एखाद दिवशी तो डबा एकट्यानं का खातो, हे कुणी विचारत नाही. याच वयात कुणाची उंची आधी वाढते, कुणाची नंतर. काहींची हाडांच्या वाढीतल्या फरकामुळे कायमच कमी राहते. आपल्या देशाच्या २०१६ च्या कायद्यानं १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या अशा प्रौढांना दिव्यांगांचे हक्क दिले आहेत. हरियाणाचा नवदीप सिंग याच्यासारखे खेळाडू तर २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकला गेले. कमी उंचीच्या खेळाडूंच्या गटात त्यानं ४७.३२ मीटर भाला फेकून सुवर्णपदक आणलं. भाल्याची लांबी मोजायची सोडून त्याची उंची कोण मोजत बसणार?

लहानपणाचा प्रत्येक शब्द वाईट असतो, असंही नाही हं. सुनील गावसकरांना सगळं जग 'लिटल मास्टर' म्हणतं. त्यातही 'लिटल' आहेच, पण पुढे 'मास्टर' आहे! शब्द कौतुकाचा की टोचणारा, हे कोण सांगणार? ज्याला तो लावायचा, त्यालाच विचारायला हवं.

करून पाहा

आज तीन कामं करा.

एक : कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंत आपला हात मोजा. तुमचा 'पिग्मे' किती सेंटिमीटर भरला? बाबांचा किती, आईचा किती?

दोन : संध्याकाळी पिग्मीवाले काका किंवा ताई आले की या शब्दाचा अर्थ त्यांना विचारा. त्यांना माहीत नसेल तर उडुपीच्या दोन आण्यांची गोष्ट सांगा. आणि रोज दहा रुपये टाकले तर वर्षाचे किती होतात, ते तोंडी करा. लहान रकमेला हसणारे गप्प बसतील!

तीन : तुमच्या वर्गात कुणाला टोपणनावानं हाक मारतात? उद्या एकदा त्याला बाजूला घेऊन हळूच विचारा, "तुला काय म्हटलेलं आवडतं रे?" तो जे सांगेल, ते नाव परवापासून वापरा.